पाचवी पिन

१

ऑफिसात तिला सगळे चिन्हताई म्हणत. नाव ठेवलं होतं टर उडवायला, पण पुढे ते असं चिकटलं की मोठे साहेबही चारचौघांत त्याच नावाने हाक मारू लागले.

इमारतींमध्ये बसवायच्या इंटरकॉमचे आराखडे काढणारं ते लहानसं ऑफिस. आराखड्यात खराखुरा फोन किंवा खरीखुरी घंटा काढत बसायला वेळ कुणाला असतो? तिथे प्रत्येक वस्तूचं एक चिन्ह असतं. ती चिन्हं बनवायची, दुरुस्त करायची आणि कॉम्प्युटरच्या लायब्ररीत नीट ठेवायची, हे ताईचं काम.

काम तसं सोपं. एक चौकट काढायची. तिच्या कडांना बाहेर तोंड करून छोट्या रेघा द्यायच्या. त्यांना पिना म्हणतात. वायर येऊन लागते ती या पिनांना. प्रत्येक पिनेला नाव द्यायचं, की झालं चिन्ह तयार. मग कुणीही ते उचलावं आणि हव्या त्या आराखड्यात हवं तितक्यांदा टाकावं. गोम एवढीच, की मूळ चिन्हात केसाएवढा बदल केला तरी ते जिथे जिथे वापरलंय तिथे तिथे तो बदल जातो. म्हणून मूळ चिन्हांना हात लावायची मुभा फक्त ताईला होती. "बाकीच्यांनी लावला तर लोक घंटा दाबतील आणि लिफ्ट येईल," असं साहेब म्हणत.

ताईच्या घरी सासूबाई होत्या. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचं जग पलंगापासून खुर्चीपर्यंत आलं. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीवरच्या इंटरकॉमखाली. तो इंटरकॉम ताईच्याच ऑफिसचा. इमारत उभी राहिली तेव्हा तिथलं काम ऑफिसलाच मिळालं होतं, आणि त्या फोनचं चिन्हही ताईनेच बनवलेलं. बनवलेलं म्हणजे लायब्ररीच्या कोपऱ्यात पडलेलं कुणाचं तरी जुनं चिन्ह उचललं, चौकट लहान केली, पिनांची नावं बदलली. सगळे तसंच करतात.

दुपारी समोरच्या काकू येऊन सासूबाईंना जेवायला वाढून जायच्या. बाकी वेळ सासूबाई आणि त्यांचा मोबाइल. उशी सरकली, फोन. टीव्हीवरची बाई खोटं बोलतेय, फोन. काकूंनी भाजीत मीठ घातलंय की नुसतं दाखवलंय, फोन. ताई एका हाताने पिना काढायची आणि दुसऱ्या हाताने कानाशी मोबाइल धरायची. रात्रीही हाका असायच्याच. तिची झोप तुकड्यातुकड्यांची झाली होती. बसमध्ये डोळा लागून ती दोनदा शेवटच्या थांब्यावर जाऊन उतरली होती.

आणि एक दिवस फोन आलाच नाही.

दुपारपर्यंत ताईला बरं वाटलं. दुपारनंतर ती सारखी मोबाइलकडे बघू लागली. साहेबांना सांगून ती लवकर निघाली, धापा टाकत जिना चढली, दार उघडलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. इंटरकॉमचा रिसीव्हर कानाशी होता, त्याची वेटोळ्यांची तार भिंतीपासून ताणली गेली होती, आणि त्या हसत होत्या. ताईला पाहून त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"आई, कुणाशी बोलताय?"

"खालच्यांशी."

"वॉचमनशी?"

"बाई गं, किती ऐकून घेतात ते! मध्ये बोलत नाहीत, तुझ्यासारखं हं हं करत नाहीत."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेटपाशी थांबली. वॉचमन टेबलावरच्या इंटरकॉमशेजारी चहा पीत होता.

"आमच्या आईंशी बोललात, फार बरं वाटलं त्यांना. कंटाळा आला तर तसं सांगा हं मला, संकोच करू नका."

वॉचमन गोंधळला. "मी कुठे बोललो, ताई? तुमच्या घराचा दिवा तर या फोनवर कधी लागतच नाही. आम्ही म्हणतो, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मोठ्या गुणाच्या, कसली तक्रार नाही."

ताईने विचार केला. आपण याच धंद्यातले. दोन घरांच्या तारा एकमेकींत घुसतात हे काही नवं नाही. असेल कुणीतरी दुसऱ्या मजल्यावर. असेल कुणी निवृत्त माणूस, त्यालाही घरात कुणी विचारत नसेल. चौकशी करायला हवी होती. पण त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी सलग झोपली, आणि सकाळी उठल्यावर तिला चौकशी करावीशी वाटेना. झोप मिळालेल्या माणसाला फार प्रश्न पडत नाहीत.

एकदाच तिला थोडं चमकल्यासारखं झालं. सासूबाईंना पलंगावर टेकवताना त्या म्हणाल्या, "आज जिन्यात बसून रडलीस ना गं?"

रडली होती. नवऱ्याने घरी येणं आणखी पुढे ढकलल्याचं कळवलं होतं, आणि ऑफिसच्या जिन्याच्या वळणावर, जिथे चाचणीसाठी एक इंटरकॉम टांगलेला असतो तिथे, ती दहा मिनिटं पदरात तोंड खुपसून बसली होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खालच्यांनी. म्हणाले, सून दमली हो तुमची." सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तसा हात त्यांनी कधी फिरवला नव्हता. "मी म्हटलं, माझ्यामुळेच दमलीय. तर म्हणाले, त्याचं काहीतरी करता येईल."

डोळे सुजले असतील, म्हातारीने ओळखलं असेल. ताईने स्वतःला समजावलं.

३

त्यानंतर सासूबाई शांत झाल्या.

मोबाइल वाजेनासा झाला. रात्रीच्या हाका बंद झाल्या. मिठाची तक्रार नाही, उशीची नाही. इंटरकॉमवर बोलणंही थांबलं. रिसीव्हर जागच्या जागी असायचा. ताई घरी यायची तेव्हा सासूबाई हात मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या. टीव्ही बंद.

"जादू केलीस की काय?" समोरच्या काकू म्हणाल्या. "परवा भाजीत मीठच घालायला विसरले, तरी एक शब्द नाही. ताट स्वच्छ."

एका संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मागून आवाज आला, "तुम्ही दमलात. बसा जरा."

घरात कोण आलं म्हणून ताईने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. खुर्चीत सासूबाईच होत्या, आणि तिच्याकडे बघत होत्या.

"मला म्हणालात, आई?"

"हो. किती करता तुम्ही."

तुम्ही! ज्या बाईने सुनेला 'अगं'शिवाय कधी हाक मारली नाही, लग्नाच्या मांडवातसुद्धा मारली नाही, ती तुम्ही म्हणत होती. थट्टा असेल म्हणून ताई हसली. सासूबाईही हसल्या. ताई थांबली की त्या थांबल्या.

म्हातारपणी माणूस मऊ होतं म्हणतात. ताईने भांडी तशीच ठेवली आणि खरोखरच बसली. किती दिवसांनी कुणीतरी तिला बस म्हटलं होतं.

४

ऑफिसात एका नव्या आराखड्याची तपासणी चालली होती. कॉम्प्युटर स्वतःच आराखडा तपासतो आणि कुठे काही सुटलं असेल तर लाल रंगात सांगतो. चाचणी विभागातला चष्मेवाला ताईच्या टेबलाशी आला.

"चिन्हताई, तुमच्या फोनला पिना किती?"

"चार. दोन आवाजाच्या, एक घंटेची, एक दाराची."

"कॉम्प्युटर पाच म्हणतोय."

ताईने मूळ चिन्ह उघडलं. चौकट, चार पिना. तिने कडा मोठ्या करून पाहिल्या. चारच. चष्मेवाल्याने वाकून माउस घेतला आणि 'लपवलेलं दाखवा' या चौकोनात खूण केली.

चौकटीच्या बरोबर मध्ये एक पिन उमटली. कुठल्याही कडेला न टेकलेली. आणि तिचं तोंड बाहेर नव्हतं, आत होतं.

"असली पिन मी नाही काढली," ताई म्हणाली.

"जुन्या चिन्हातून आली असणार. पूर्वी मुद्दाम लपवायचे. सगळीकडे जाणारी एखादी तार असली की आराखड्यात रेघांचा गुंता नको म्हणून. एका नावाच्या लपलेल्या पिना आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. रेघ दिसत नाही, पण जोडणी असते." त्याने नावाची जागा पाहिली. "आणि इथे नावच खाली."

"काय म्हणालात?"

"खाली. म्हणजे काही लिहिलेलंच नाही. ज्याचं ज्याचं नाव रिकामं, ते सगळं एकत्र." तो हसला. "मोठं कुटुंब झालं असेल."

त्याने कपाटातून एक नवा इंटरकॉम काढून त्याचं झाकण उघडलं. आतल्या हिरव्या पट्टीवर तांब्याची एक बारीक रेघ कडेपासून मध्यापर्यंत गेली होती आणि तिथे एका छोट्या भोकाशी संपली होती.

"बघा. कशालाच लागत नाही. बिनकामाची." त्याने झाकण लावलं. "काढून टाका, म्हणजे लाल अक्षरं जातील."

झाकण लागेपर्यंत ताई त्या भोकाकडेच बघत होती. मग तिने पिन निवडली, पुसली आणि सेव्ह केलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतींवर लागलेले फोन काही कॉम्प्युटरमधल्या चित्राने बदलत नाहीत. बदलले तर पुढे बनणारे बदलतील.

तिचा हात माउसवर असतानाच मोबाइल वाजला. घरून.

५

फोनवर नुसतं रडणं होतं. ताई घरी पोचली तेव्हा समोरच्या काकू सासूबाईंना धरून बसल्या होत्या. सासूबाईंनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला होता आणि पडल्या होत्या. कोपर सोलवटलं होतं. ताईला पाहताच त्यांनी तिचं मनगट पकडलं.

"अगं, कुठे होतीस गं तू? किती हाका मारल्या! घसा सुकला माझा."

"आई, मी ऑफिसात होते. रोज जाते तशी."

"मला परत तिकडे बसवू नकोस."

"खुर्चीत नको? बरं, पलंगावर झोपा."

"खुर्ची नाही गं, तिकडे!" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. पुढे त्यांना सांगता येईना.

डॉक्टर येऊन गेले. या वयात असं होतं म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप ताईला लागली असती, सासूबाईंना लागली नाही. त्या तिचं मनगट सोडत नव्हत्या. ताई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर आक्रोश. दिवा घालवायचा नाही. घास तोंडात दिला तर थुंकायच्या, मिठाचा डोंगर केलाय म्हणून ओरडायच्या, मग तीच भाजी अधाशासारखी खायच्या. जसं काही बरेच दिवस अन्नच पाहिलं नव्हतं. ताईने रजा टाकली. रजा संपली, काकू बसल्या. काकूंचीही कंबर धरली.

नवऱ्याचा फोन आला. मागे समुद्राचा वारा घोंघावत होता.

"थोडं सांभाळून घे ना. मध्ये तर म्हणत होतीस, आई छान आहेत."

"होत्या."

"मग आता काय झालं?"

काय झालं? उत्तर ताईला ठाऊक होतं आणि ते तोंडाने बोलण्यासारखं नव्हतं. पिन पुसली आणि त्याच घटकेला फोन आला. योगायोग. शंभर वेळा तिने स्वतःला सांगितलं, योगायोग. भिंतीत तार आहे, तारेला पुढे काही लागलेलं नाही, चष्मेवाल्याने झाकण उघडून दाखवलंय.

पण माणूस पुरेसं दमलं की त्याची अक्कल त्याच्याशी भांडत नाही. ती फक्त एवढंच म्हणते, करून बघायला काय जातं?

६

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. मूळ चिन्ह उघडलं. चौकटीच्या मध्ये एक पिन ठेवली आणि तिचं तोंड आत वळवलं. लपवा या शब्दापुढे खूण केली. नावाची जागा खाली सोडली. कॉम्प्युटरने विचारलं, हे चिन्ह वापरलेल्या सर्व ठिकाणी बदल करायचा आहे का?

तिने हो म्हटलं.

टेबलावर चष्मेवाल्याने ठेवलेला तो नवा इंटरकॉम पडला होता. त्याला ना तार होती ना वीज. रिसीव्हरमधून कुणीतरी घसा साफ केल्यासारखा एक बारीकसा आवाज आला. ताईने त्यावर फाइलींचा गठ्ठा ठेवला आणि कामाला लागली. दिवसभर तिचा मोबाइल वाजला नाही.

घरी सासूबाई खुर्चीत होत्या. हात मांडीवर, तोंड भिंतीकडे. काकू म्हणाल्या, सकाळी एकदम गप्प झाल्या बघ, बटण बंद करावं तशा. ताईने दार लावलं. पर्स ठेवली.

"आलात?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी घ्या."

ताई पाणी प्यायली. पेला ठेवताना तिने पाहिलं, इंटरकॉमचा रिसीव्हर खाली लोंबत होता. तार सरळ होऊन हळूहळू फिरत होती. तिने तो अडकवण्यासाठी उचलला. उचलल्यावर हात कानाकडे आपोआपच जातो.

आधी नुसती पोकळी ऐकू आली, मोठ्या रिकाम्या खोलीत ऐकू येते तशी. मग खुर्चीची करकर.

"कोण आहे?" सासूबाईंचा आवाज होता. अगदी कानात, घोगरा, रडून रडून बसलेला. "सूनबाई? तूच ना गं? अगं, मला उठव इथून. इथे मागे भिंतच नाहीये. टेकायला गेलं की..." मग आवाज एकदम बारीक झाला. "हे सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेत गं. कुणी काही बोलत नाही. नुसते ऐकतात."

ताईने हळूच मान वळवली. हातभर अंतरावर खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. ओठ मिटलेले. त्या तिच्याकडे मायेने बघत होत्या.

"बोला ना त्यांच्याशी थोडं," त्या म्हणाल्या. "त्यांना बरं वाटेल."

कानात हाका चालूच होत्या. तो आवाज आता तिला नावाने हाक मारत होता, माहेरच्या नावाने, जे सासूबाईंना माहीत आहे हेसुद्धा ताईला ठाऊक नव्हतं. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. दोन्ही हातांनी, अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मग ती पलंगावर जाऊन बसली. काय करायचं ते तिला स्पष्ट दिसत होतं. सकाळी जायचं, चिन्ह उघडायचं, पिन पुसायची. दोन मिनिटांचं काम. आणि मग लगेच फोन येईल, आणि मनगटावर ती बोटं येतील, आणि दिवा रात्रभर जळेल, आज, उद्या, परवा, सासूबाई असतील तितकी वर्षं.

"उद्या," ती मोठ्याने म्हणाली.

"हो हो, उद्या," खुर्चीतून उत्तर आलं. "झोपा तुम्ही."

ती झोपली. पडल्या पडल्या झोपली, स्वप्नसुद्धा पडलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक तातडीचा आराखडा अंगावर टाकला. त्याच्या दुसऱ्या दिवशी चष्मेवाला रजेवर गेला आणि त्याचंही काम तिच्याकडे आलं. नवऱ्याचा फोन आला. आईशी बोललो, म्हणाला, आवाज कसा टवटवीत झालाय, मला अहो-जाहो करून हसवत होती, तू खरंच कमाल केलीस. ताई म्हणाली, मी काही नाही केलं.

आठवड्याच्या शेवटी हातातलं सगळं आवरल्यावर तिने चिन्ह उघडलं. 'लपवलेलं दाखवा'वर खूण केली. चौकटीच्या मध्ये, आत तोंड करून, पिन होती. तिने ती निवडली. निवडल्यावर पिन निळी होते, निळी झाली. आता एक बटण दाबायचं होतं. बोट बटणावर ठेवून ती बराच वेळ बसली. आजूबाजूचे दिवे मालवत लोक घरी निघाले. कुणीतरी म्हणालं, चिन्हताई, पुरे आता.

तिला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. तिने बोट उचललं, काही न बदलता फाइल बंद केली आणि निघाली.

घरी दार उघडलं तर खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, गरम अन्नाचा वास येत होता, आणि टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. आतून पावलांचा आवाज येत होता, चांगल्या धडधाकट पावलांचा.

ताईने चपला काढल्या, हात धुतले आणि जेवायला बसली.